रातांब्यांचे दिवस

गावी आल्यावर सुरुवातीचे दिवस माणूस नुसता पडताळणी करत फिरतो. वाटेवरचं उंडीचं झाड आहे की गेलं, विहिरीला रहाट आहे की पंप बसला, कोणाच्या घराची कौलं उतरून पत्रे चढले. वेंगुर्ले तालुक्याच्या दक्षिण टोकाला, आरवली-शिरोड्याच्या पट्ट्यात माझं बालपण गेलं, आणि इथं पाय ठेवला की माझ्याही मनात ही यादी आपोआप उघडते. जे हललेलं दिसतं त्याच्याबद्दल हळहळ वाटते. या हळहळीवर माझा आता फारसा विश्वास उरलेला नाही. ती गावाला आपल्या आठवणीची बिघडलेली प्रत ठरवून मोकळी होते. ज्यांनी कौलं उतरवली त्यांना माकडांनी जेरीस आणलं होतं. दर मे महिन्यात कौलं चाळून घ्यायला माणूस मिळेनासा झाला होता. छपराखाली बाराही महिने राहायचं त्यांना आहे, आणि गाव त्यांच्या आजच्या दिवसावर चालतं.

आनंद या पडताळणीतून कधीच मिळत नाही. तो नंतर येतो, कोणीतरी हातात काम दिल्यावर.

मे महिन्यात इथं कामाला तोटा नसतो. रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, पिकलेली असतात आणि पावसाच्या आत त्यांची सोलं व्हायला हवीत. काकीनं टोपली पुढ्यात सरकवली, सुरी दिली आणि म्हणाली, “हात चालव गो, पाऊस कोणासाठी थांबाचो नाय.” एवढंच. पाहुणी म्हणून आले तेव्हा चहा मिळाला होता, खुर्ची मिळाली होती. टोपली आली आणि मी खाली पडवीत बसले.

काम दिसायला सोपं आहे. रातांबा चिरायचा, आतला बिया-गर काढून वेगळ्या भांड्यात टाकायचा, साल वेगळी ठेवायची. गरावर मीठ घातलं की रस सुटतो. त्या रसात साली बुडवायच्या, खळ्यात उन्हात पसरायच्या, संध्याकाळी गोळा करायच्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा रसात, पुन्हा उन्हात. असं करत करत लालभडक साल काळपट होते, आक्रसते, मऊ आणि चिवट राहते, आणि वर्षभर टिकते. उरलेला खारा रस म्हणजे आगळ, तो बाटल्यांत जातो आणि सोलकढीला येतो. बियाही फेकायच्या नसतात. त्या वाळवून, फोडून, कुटून, पाण्यात उकळून वर येणारं तेल काढतात. ते थंड झालं की मेणासारखं घट्ट होतं आणि पावसाळ्यात भेगाळलेल्या टाचांना लावतात. 2018 साली सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन मिळालं, याचा मला मनापासून आनंद आहे. बायकांच्या बोटांत राहिलेल्या या कामाची नोंद कुठंतरी झाली. पण मानांकनाच्या कागदावर न येणारंही पुष्कळ आहे. साल किती वाळली हे काकी डोळ्यांनी पाहत नाही. दोन बोटांत धरून वाकवते आणि सांगते.

मीठ जाडं लागतं. ते शिरोड्याचं असावं असा आमच्या घरचा हट्ट. तिथली मिठागरं मी लहानपणी रोज पाहिली, पण तिथं 1930 च्या मे महिन्यात सत्याग्रह झाला होता, लोकांनी मीठ उचलून लाठ्या खाल्ल्या होत्या, हे मला पुष्कळ उशिरा पुस्तकातून कळलं. आता मुठीनं मीठ घेताना ते आठवतं. बहुधा याच दिवसांत, याच उन्हात ती माणसं त्या वाफ्यांच्या बांधांवर उभी राहिली असतील, आणि इकडे घराघरांतून रातांबे चिरत असतील.

अकराच्या सुमारास वारा फिरतो. सकाळभर जमिनीवरून येणारी कोरडी झुळूक थांबते, थोडा वेळ सगळं तुंबल्यासारखं होतं आणि मग समुद्राकडचा वारा माडांतून आत शिरतो. काकी आणि शेजारची बाई कोणाच्या तरी लग्नाचं बोलत होत्या. मुलगा गोव्यात नोकरीला, मुलगी कुडाळची, मानपान किती, कोण रुसलं. माझी बोटं जांभळी झाली होती, आंबट रसानं नखांच्या कडा चुरचुरत होत्या. वारा अंगावर आला आणि एकदम ध्यानात आलं की मघापासून मला काहीच आठवलेलं नाही. आई नाही, शाळा नाही, गेलेलं उंडीचं झाड नाही. मी फक्त रातांबे चिरत होते. त्या क्षणी जे वाटलं त्याला मी आनंद म्हणते. तो बालपणाचा आनंद होता असंही मला म्हणायचं आहे, कारण लहानपणी आम्ही असेच होतो. गावाकडे पाहायला कोणाला सवड नव्हती. पाणी आण, बोंडू वेच, गुरांना हाक, दुकानातून गूळ आण, यात दिवस जायचा. आम्हाला गाव मिळालं ते या कामांच्या बदल्यात.

मग पेज. उकड्या तांदळाची, आधी वरचं पाणी प्यायचं आणि मग खालचं शीत. सोबत खारातली कैरी आणि चुलीत भाजलेला सुका बांगडा. लहानपणी पेज रोजचीच, त्यामुळे तिची चव अशी कोणी घेतली नाही. पोट भरलं की उठायचं. आता पहिल्या घोटाला गरम भाताचा लालसर वास घशात उतरतो आणि मी मुद्दाम सावकाश पिते. मुलांना जे नुसतं जगायला मिळतं ते मोठ्यांना चाखायला मिळतं. मला यात तोटा दिसत नाही.

एका संध्याकाळी वेळागरच्या किनाऱ्यावर गेले, तर रापण ओढत होते. होडीनं जाळं समुद्रात अर्धगोल टाकून आणलेलं असतं आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून माणसं ओढतात. दोर लांब, ओढ मोठी, वेळ पुष्कळ. दोराला हात लावणाऱ्याला कोणी विचारत नाही की तू कशाला आलीस. मी ओळीत उभी राहिले, पाय वाळूत रोवले. दहा पावलं मागे, मग दोर सोडून पुन्हा पाण्याजवळ, पुन्हा दहा पावलं मागे. पुढच्या म्हाताऱ्यानं मागे न बघताच विचारलं, “कोणाचा गो चेडू तू?” मी घराचं नाव सांगितलं. “बरा, बरा. ओढ.” मी कुठं असते, काय करते, कशी आले, यातलं काही त्याला नको होतं. घराचं नाव आणि दोरावरचा हात, एवढ्यावर त्यानं मला ओळीत धरलं. शहरात इतकी वर्षं स्वतःची ओळख करून देत राहिल्यावर हे किती हलकं वाटतं, ते त्या वाळूत उभं राहिल्याशिवाय कळायचं नाही.

जाळ्यात मासळी बेताचीच होती, थोडे पेडवे, थोडे बांगडे, बाकी कचरा. ओढणाऱ्यांत तरुण कमी होते. पर्ससीन जाळ्यांच्या बोटींनी बाहेरच मासळी उचलली की किनाऱ्यावरच्या रापणीला काय उरणार, हे इथली माणसं कित्येक वर्षं सांगत होती. 2016 मध्ये सरकारनं त्या जाळ्यांवर निर्बंध आणले, पण वाळूवरच्या बोलण्यात अजून तोच विषय निघतो. माझा संध्याकाळचा आनंद खरा होता आणि त्यांची काळजीही खरी होती. आनंदाच्या भरात दुसरी गोष्ट झाकून टाकायची नाही, एवढं भान गावी येणाऱ्यानं ठेवायला हवं असं मला ठामपणे वाटतं. वाटे पडले तेव्हा चार बांगडे माझ्याही पुढे आले. नको म्हणणं बरं दिसलं नसतं. मी ओढणीच्या टोकात बांधून घेतले.

परतताना वेतोबाच्या देवळावरून वाट जाते. आरवलीच्या या देवाला केळ्यांचा घड आणि मोठाल्या चपला वाहतात. तो रात्री गावभर फिरतो, राखण करतो, म्हणून त्याच्या चपला झिजतात, अशी श्रद्धा. इथल्या देवालाही रात्रपाळी आहे, हे मला लहानपणापासून आवडत आलं आहे. हातात बांगडे असल्यामुळे बाहेरूनच हात जोडले.

या वाटेवर वि. स. खांडेकरांचीही आठवण येते. सांगलीत जन्मलेला हा माणूस 1920 साली शिरोड्याला शाळेत शिकवायला आला आणि 1938 पर्यंत राहिला. त्याचं बालपण इथलं नव्हतं. तरी शिरोडं म्हटलं की आजही त्याचं नाव निघतं. रोज सकाळी उठून इथल्या मुलांना शिकवायचं काम त्याच्याकडे होतं, आणि ज्याच्याकडे गावातलं काम असतं त्याला गाव आपलं म्हणतं. उलट इथंच जन्मलेल्या आम्हाला, चिपीच्या विमानतळावर किंवा कुडाळच्या स्टेशनवर उतरून येणाऱ्यांना, ते पुन्हा मागून घ्यावं लागतं. मागून मिळतं, हे विशेष. नुसतं म्हणायचं, “काकी, काय करू?”

मे सरत आला की दुपारनंतर ढग समुद्राकडून न येता सह्याद्रीकडून चढतात. काल तसंच झालं. ऊन कडक होतं, सोलं खळ्यात आठ-दहा सुपांत आणि दोन ताडपत्र्यांवर पसरलेली. तीनच्या सुमारास घाटाकडे काळं दाटलं, वारा पडला आणि माडाच्या झावळ्या एकाएकी थांबल्या. काकी आतून ओरडली, “सोलां उचला गो, पाऊस इलो!” मी धावले. काका झोपेतून उठून बनियनवरच आले. ताडपत्रीची चार टोकं धरायला हात पुरेनात, तेवढ्यात कुंपणापलीकडून शेजारचा मुलगा उडी मारून आला. त्यानं टोक धरलं आणि आम्ही सगळी सोलं पडवीत ओढून आणली. पहिले थेंब खळ्यातल्या शेणाच्या सारवणावर पडले आणि वास उठला. काकी मोजत होती, सूप राहिलं का, आगळाचं भांडं झाकलं का. तोवर मला पलीकडचं खळं दिसलं. आमच्याकडे धावून आलेल्या मुलाच्या आईची तीन सुपं अजून उघड्यावर होती आणि ती एकटीच होती. “जा गो, जा,” काकी म्हणाली, पण मी तोवर कुंपणावर चढले होते.