अकरावीच्या निवडीला परतीची वाट हवी

दहावीचा निकाल लागतो आणि वसई-विरार पट्ट्यातल्या हजारो घरांत एकच चर्चा सुरू होते. सायन्स घ्यायचं की कॉमर्स? सायन्स घेतलं तर बायोलॉजी ठेवायचं की त्याऐवजी कॉम्प्युटर सायन्स? कॉमर्सला मॅथ्स की एसपी, म्हणजे सेक्रेटेरियल प्रॅक्टिस? दुसरी भाषा म्हणून मराठी की त्या जागी आयटी? कॉलेज नेहमीचं, की क्लासशी जोडलेलं ‘इंटिग्रेटेड’? हे सगळे निर्णय काही दिवसांत घ्यायचे असतात. घेणाऱ्याचे वय पंधरा-सोळा असते. 2025 पासून अकरावीचा केंद्रीय ऑनलाइन प्रवेश राज्यभर लागू झाला आणि अर्जात दहा महाविद्यालयांपर्यंत पसंतीक्रम भरता येऊ लागला. गेल्या वर्षीचा कटऑफ पालकांना सहज कळतो. मात्र कोणता विषय सोडला की पुढचा कोणता रस्ता बंद होतो, हे सांगणारे त्या प्रक्रियेत कोणी नसते.

या निवडीकडे आपण ‘अवघड घ्यायचे की सोपे’ या नजरेने पाहतो. अवघड घेणारा हुशार, सोपे घेणारा कमी प्रतीचा. मला हा प्रश्नच चुकीचा वाटतो. पंधराव्या वर्षी घेतलेल्या निर्णयाबाबत पहिला प्रश्न हाच असला पाहिजे की तो फसला तर मुलाला परत फिरता येईल का, आणि फिरताना त्याने तोवर शिकलेले जमेस धरले जाईल का. शिक्षणव्यवस्थेची परीक्षा या प्रश्नावर व्हायला हवी.

आधी पालकांची बाजू समजून घेतली पाहिजे, कारण त्यांना नावे ठेवणे फार सोपे आहे. ‘सायन्स घे, सगळे दरवाजे उघडे राहतात,’ असे नालासोपाऱ्यातला बाप मुलीला सांगतो तेव्हा तो अडाणीपणाने बोलत नसतो. 1970च्या दशकात महाराष्ट्रात 10+2+3 हा आकृतिबंध आला आणि शाखा निवडण्याची वेळ अकरावीवर आली. तेव्हापासूनचा अनुभव असा, की विज्ञान घेऊन बारावी झालेला विद्यार्थी बी.कॉम.ला किंवा बी.ए.ला जाऊ शकतो, पण कॉमर्स किंवा कला शाखेतून बारावी झालेल्याला इंजिनिअरिंग, फार्मसी किंवा बी.एस्सी.कडे वळणे जवळजवळ अशक्य असते. रस्ता एकाच दिशेने चालतो. मुंबईतली खोली सोडून हप्त्यावर इकडे घर घेतलेले कुटुंब असो, अर्नाळ्याच्या कोळीवाड्यातले असो की पश्चिम पट्ट्यातले केळी-फुलांचे बागायतदार, ज्यांच्याकडे मुलाच्या चुकीची किंमत मोजायला पैसा नाही ते सगळेच सायन्सकडे विमा म्हणून पाहतात. व्यवस्थेने जो एकेरी रस्ता बांधला, त्यावर ते शहाणपणाने चालतात. दोष रस्त्याचा आहे.

तरीही या विम्याचा हप्ता फार मोठा आहे आणि तो मूल भरते. दरवाजा उघडा राहतो तो बहुतेक वेळा कागदावर. अकरावीच्या गणितात पहिल्या सहामाहीतच पाय घसरलेला मुलगा बारावी कशीबशी पार करतो, इंजिनिअरिंगसाठी लागणारी 45 टक्क्यांची अट किंवा राखीव गटाची 40 टक्क्यांची अट गाठतो, आणि पात्र ठरतो. पण पात्र असणे आणि पुढचे शिक्षण पेलता येणे यांत अंतर असते. त्या दोन वर्षांत त्याला अर्थशास्त्र किंवा इतिहास मनापासून आवडला असता, हे कळायलाही त्याला वाव मिळालेला नसतो.

इंटिग्रेटेड व्यवस्थेने हे अंतर आणखी वाढवले. राज्यातल्या अभियांत्रिकी प्रवेशाचे गुण सीईटीवरून ठरतात, वैद्यकीयचे नीटवरून. मग कॉलेज नावापुरते आणि शिकवणे क्लासमध्ये, असा करार रूढ झाला. त्याला आवर घालण्यासाठी शासनाने जून 2018मध्ये कनिष्ठ महाविद्यालयांच्या विज्ञान शाखेत बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला. पण हजेरी मोजल्याने शिक्षक वर्गात येत नाही आणि प्रयोगशाळेचे कुलूपही उघडत नाही. विषय मला झेपतो आहे का, आवडतो आहे का, हे ज्याला विचारता येईल असा शिक्षकच या व्यवस्थेत मुलाच्या आयुष्यातून निघून जातो. पाया कच्चा राहिलेल्या मुलाला त्याची सर्वांत जास्त गरज असते.

आता ज्याला आपण प्रगत पर्याय मानतो, त्या बायफोकलचे उदाहरण नीट पाहू. द्विलक्षी अभ्यासक्रमात कॉम्प्युटर सायन्स किंवा इलेक्ट्रॉनिक्स हा विषय 200 गुणांचा असतो आणि तो दुसरी भाषा व एक वैकल्पिक विषय यांच्या जागी येतो. बहुतेक मुले त्यासाठी जीवशास्त्र सोडतात. या 200पैकी निम्मे गुण प्रात्यक्षिकांचे असल्याने टक्केवारी वर जाते, हे त्याचे मोठे आकर्षण होते. पण प्रवेश सीईटीवर होतात तिथे बारावीची टक्केवारी मुख्यतः पात्रतेपुरती उरली आहे. म्हणजे ज्या लाभासाठी दोन विषय सोडले तो लाभच आटला, आणि सोडलेले विषय मात्र सुटलेलेच राहिले.

अर्नाळा किंवा पाचूबंदरच्या एखाद्या मुलीने असे केले तर काय होते? तिच्या घरात पिढ्यान्‌पिढ्यांचे समुद्राचे ज्ञान आहे. रत्नागिरीजवळ शिरगावला कोकण कृषी विद्यापीठाचे मत्स्य महाविद्यालय आहे आणि वर्सोव्याला केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था. मत्स्यविज्ञानाच्या पदवीला जीवशास्त्र लागते. ती वाट अकरावीच्या अर्जावरच बंद झाली आणि ते तिला कोणी सांगितलेही नाही. मराठीचेही तेच. 2020च्या कायद्याने राज्यातल्या सर्व शाळांत दहावीपर्यंत मराठी सक्तीची झाली, पण अकरावीत आयटी किंवा बायफोकल घेतले की ती सुटते. सोळाव्या वर्षानंतर आपल्या भाषेतला गंभीर मजकूर वाचण्या-लिहिण्याचा सराव थांबतो, आणि या नुकसानीची नोंद कोणत्याही गुणपत्रिकेत होत नाही.

परतीची वाट ठेवणे अशक्य आहे असे नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नोव्हेंबर 2023मध्ये स्पष्ट केले की बारावीनंतर जीवशास्त्र अतिरिक्त विषय म्हणून उत्तीर्ण झालेला विद्यार्थीही नीटला पात्र ठरेल. गणित घेऊन बारावी झालेल्याला उशिरा उमगले, तरी दोन वर्षे पुन्हा न घालवता तो वळू शकतो. सीबीएसईने 2019-20 पासून दहावीच्या गणिताचे सोपा आणि प्रमाण असे दोन स्तर केले, तेव्हा सोपा पेपर देणाऱ्याला अकरावीत मूळ गणित घेता येणार नाही अशी अट होती. पुढे ती शिथिल करावी लागली. दोन्ही ठिकाणी धडा एकच आहे. सोपा पर्याय द्यायला हरकत नाही, पण त्यातून वर चढायचा जिना काढून घेऊ नये.

याहून जुने आणि भक्कम उदाहरण वसईतच आहे. दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा आणि मग इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश, ही वाट महाराष्ट्रातल्या साध्या घरांतल्या मुलांनी कित्येक वर्षे वापरली आहे. वसई रोडला विद्यावर्धिनी संस्थेचे भाऊसाहेब वर्तक पॉलिटेक्निक आहे आणि त्याच संस्थेचे अभियांत्रिकी महाविद्यालयही. बारावी विज्ञान किंवा आयटीआय झालेल्यांना डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला थेट जाता येते, ती याच विचाराची दुसरी बाजू. शाळेच्या वयात केलेले महाविद्यालयीन काम पुढच्या पदवीत मोजले जाणे, म्हणजे ज्याला जग आज क्रेडिट म्हणते, ते आपल्याकडे हे नाव न लावता चालत आले आहे. त्यात मुलाच्या हाताला काम असते, तीन वर्षांनी नोकरीचा पर्याय असतो, आणि पुढे शिकायचे ठरले तर केलेले वाया जात नाही. दहावीला चांगले गुण मिळालेल्या मुलाने डिप्लोमाला जायचे म्हटले की नातेवाईक अजूनही हळहळतात. ही हळहळ सोडून देण्यासारखी आहे.

अमेरिकेतल्या मराठी घरांतही मुले नववी-दहावीत गेली की विषयनिवडीचा असाच ताण येतो. तिथे हायस्कूलमध्ये असतानाच ‘एपी’ म्हणजे अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंटचे विषय घेता येतात. कॉलेज बोर्ड 1950च्या दशकापासून हा कार्यक्रम चालवते. मे महिन्यात परीक्षा होते, 1 ते 5 अशी श्रेणी मिळते, आणि 3 किंवा त्याहून वरच्या श्रेणीला अनेक विद्यापीठे पदवीचे क्रेडिट देतात. मग कोणाच्या मुलाने किती एपी घेतले याची मोजदाद सुरू होते. डार्टमथ कॉलेजने मात्र 2014च्या प्रवेशापासून एपीच्या गुणांवर क्रेडिट देणे थांबवले. शाळेतला प्रगत अभ्यासक्रम आणि महाविद्यालयातले शिक्षण एकसारखे नाही, असे त्यांना दिसले. आपल्यालाही हे ध्यानात ठेवावे लागेल, कारण क्रेडिटची भाषा आता आपल्या दारात आली आहे.

2020च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने कला, विज्ञान, व्यवसायशिक्षण यांच्यातल्या कडक भिंती काढायचे ठरवले. 2021मध्ये अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स आली. 2023च्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्याने शालेय वर्षही त्यात घेतले: वर्षाचे 1200 तास, 30 तासांना एक क्रेडिट, म्हणजे वर्षाला 40. कल्पना उत्तम आहे. शाळेत शिकलेले सुतारकाम, नृत्य किंवा संगणक हेही जमेस धरले जाईल आणि मधेच वळलेल्या मुलाचे वर्ष वाया जाणार नाही. ‘वर्ष वाया जाईल’ ही भीती आपल्याकडे चुकीच्या शाखेत अडकलेल्या कितीतरी मुलांना तिथेच खिळवून ठेवते. क्रेडिटचा खरा उपयोग ती भीती घालवण्यात आहे.

पण खात्यात क्रेडिट जमा होण्याआधी शिक्षण जमा व्हावे लागते. पूर्वेच्या डोंगरालगतच्या आदिवासी पाड्यावरून येणाऱ्या मुलाच्या कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्राचा पूर्णवेळ शिक्षक नसेल, तर धोरणाने दिलेले स्वातंत्र्य त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. जवळच्या कॉलेजात आर्ट्सला मानसशास्त्र किंवा सांख्यिकी नाही, म्हणून मुलगी विरारहून लोकलने अंधेरीपर्यंत किंवा त्यापलीकडे जात असेल, तर तिची निवड खरे तर रेल्वेच्या वेळापत्रकाने ठरवली. पर्यायांची यादी लांब असून भागत नाही. घरापासून पोहोचण्याजोग्या अंतरावर तो विषय शिकवणारे माणूस असावे लागते.

म्हणून तीन गोष्टी व्हाव्यात. पहिली, राज्य मंडळाने अकरावीच्या पहिल्या सत्राअखेर विषय आणि शाखा बदलण्याची सरळ सोय द्यावी, आणि बारावीनंतर एखादा विषय स्वतंत्रपणे देण्याची जी तरतूद आहे ती प्रत्येक शाळेने विद्यार्थ्यांना आपणहून सांगावी. दुसरी, वसई-विरारमधल्या कनिष्ठ महाविद्यालयांनी एकमेकांचे विषय वाटून घ्यावेत. एका कॉलेजात मानसशास्त्र असेल आणि दुसऱ्यात इलेक्ट्रॉनिक्सची सुसज्ज प्रयोगशाळा, तर दोन्हीकडच्या मुलांना आठवड्यातून ठरावीक तास तिथे बसता यावे. क्रेडिट आराखड्याचा पहिला प्रामाणिक वापर हा ठरेल. तिसरी, नववीपासूनच प्रत्येक मुलाच्या हाती एक साधा तक्ता असावा: हा विषय घेतला तर पुढे काय, सोडला तर काय बंद, आणि बंद झालेले पुन्हा उघडायचे कसे.

पालकांना माझे एवढेच सांगणे. अर्ज भरण्याआधी मुलाला त्या विषयाचे अकरावीचे पुस्तक आणून द्या आणि दोन प्रकरणे स्वतः वाचू द्या. शेजारच्याने काय घेतले ते विचारू नका. मुलाच्या मनात दोन वाटा असतील तर त्या दोन्ही शाबूत ठेवणारी विषयांची जोडी निवडा, मग त्यातून टक्के थोडे कमी आले तरी चालतील. आणि सहा महिन्यांनी ते मूल म्हणाले की मला हे जमत नाही, तर तो पराभव मानू नका. त्याने स्वतःला ओळखायला सुरुवात केली आहे. त्या क्षणी त्याला मागे वळू द्या.