कामगाराचे आरोग्य ताळेबंदाच्या कोणत्या बाजूला?

कामगाराचे आरोग्य ही कंपनीची मालमत्ता मानावी, हा विचार हिशेबशास्त्रात नवा नाही. अमेरिकेत रेन्सिस लायकर्ट यांनी 1960च्या दशकात मनुष्यबळाच्या हिशेबाचा आग्रह धरला. लेव आणि श्वार्ट्झ यांनी 1971 मध्ये त्याचे सूत्र दिले: निवृत्तीपर्यंत माणूस जे वेतन मिळवील, त्याचे आजचे मोल काढायचे. भारतात आधी भेलने आणि पुढे इन्फोसिसने या धर्तीचे आकडे प्रसिद्ध केले. तरी मुख्य ताळेबंदात माणूस शिरलेला नाही. ज्यावर कंपनीचा ताबा आहे तेच मालमत्तेत धरायचे, असा लेखामानकांचा दंडक आहे आणि राजीनामा देऊन उद्या निघून जाऊ शकणाऱ्या माणसावर तसा ताबा नसतो. अट तांत्रिक आहे, पण तत्त्वज्ञानाच्या कसोटीलाही ती उतरते.

माणसाला निव्वळ साधन म्हणून वापरू नये, असे कांट म्हणतो. भारतीय परंपरेला देहाला साधन म्हणण्याचे एवढे वावडे नाही. कुमारसंभवाच्या पाचव्या सर्गात तप करणाऱ्या पार्वतीला बटुवेषातला शिव प्रकृती सांभाळण्याविषयी विचारतो, तेव्हा देह हे धर्माचे पहिले साधन ठरते. मात्र हा धर्म ज्याचा त्याचा. पार्वतीचा देह पार्वतीच्या तपाचे साधन आहे, दुसऱ्या कोणाच्या नफ्याचे नव्हे. तेव्हा खरा प्रश्न उरतो तो एवढाच, की देह साधन असेल तर कोणाचे?

या प्रश्नाला पेण-रोह्याचा पट्टा चांगला सरावलेला आहे. दिवा-रोहा रेल्वेमार्गावर पेण आणि नागोठण्याच्या मध्ये कासू स्थानक लागते. त्याच्या एका अंगाला डोलवीचा पोलाद कारखाना, दुसऱ्या अंगाला नागोठण्याचा पेट्रोरसायन प्रकल्प आणि पुढे रोह्याजवळ धाटावची औद्योगिक वसाहत. याच पेण तालुक्यात, गागोदे बुद्रुकला, 1895 मध्ये विनोबा जन्मले आणि रोह्यात 1920 मध्ये पांडुरंगशास्त्री आठवले. विनोबांनी पवनारला कांचनमुक्तीचा प्रयोग केला. पैशावरचे अवलंबन सोडून अंगमेहनतीवर जगायचे, असा तो बेत होता. आठवल्यांच्या योगेश्वर कृषीत गावकरी पाळीपाळीने सामायिक शेतात राबतात आणि पीक कोणाच्याच मालकीचे नसते. त्याला ते अपौरुषेय लक्ष्मी म्हणतात. दोन्ही ठिकाणी श्रमाची किंमत लावण्याचे कारणच उरत नाही. पण धाटावच्या पाळीवर जाणाऱ्याला महिन्याचा पगार हवा असतो, आणि त्याला श्रमभक्ती सांगून भागत नाही. या प्रयोगांतून घेण्यासारखी गोष्ट वेगळी आहे: राबणारा देह मालकाचा नाही, हे तिथे गृहीतच आहे.

कायद्याने मात्र देहाचा भाव कधीच ठरवला होता. 1923च्या नुकसानभरपाई कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात अंगठा गेला तर कमाईची ताकद 30 टक्के गेली, एक डोळा गेला आणि दुसरा शाबूत असला तर 40 टक्के, चार बोटे गेली तर 50 टक्के, असा तक्ता होता. वाचताना अंगावर काटा येतो, पण या तक्त्याची एक बाजू न्याय्य आहे. तो अंगठा मालकाची मत्ता मानत नाही. मालक त्याचे देणे लागतो, असे मानतो. दोष इतकाच, की हिशेब सुरू होतो तो अंग गेल्यावर.

म्हणून आरोग्याची जागा ताळेबंदात देण्यांच्या बाजूला असावी, हे अधिक सयुक्तिक दिसते. हिशेबनीसांना हे अपरिचितही नाही. कामगाराने सेवेचे एक वर्ष पुरे केले की 15 दिवसांच्या वेतनाइतकी ग्रॅच्युइटी कंपनीच्या माथी चढते आणि तिची तरतूद दरवर्षी करावी लागते, पैसे द्यायला वीस वर्षे असली तरी. यंत्राच्या आवाजाने मंदावणारे कानही असेच वर्षावर्षाने झिजतात. यंत्राचा घसारा वहीत पडतो, कानाचा पडत नाही. विश्वस्तवृत्तीचा गांधीविचारही इथे येऊन मिळतो, कारण विश्वस्ताच्या हाती असलेले धन त्याच्या मत्तेत धरत नाहीत.

सेबीने 2022-23 पासून बाजारमूल्याने पहिल्या हजार कंपन्यांना शाश्वततेचा अहवाल सक्तीचा केला. त्यात कामगारांच्या स्वास्थ्यावरचा खर्च आणि अपघातांचे प्रमाण द्यावे लागते. ही प्रगती खरी, पण खर्च म्हणजे देणे नव्हे. आरोग्य शिबिराचे बिल भरले तरी कामगाराची झीज कुठेच लागत नाही. ठेकेदाराच्या माणसाचे प्रकरण आणखी अवघड. तो या कारखान्यातून त्या कारखान्यात जातो आणि आजार दहा वर्षांनी उमटला तर कोणाच्या वहीत लिहायचा, हे ठरवणे सोपे नसते. भोपाळनंतर, 1987 मध्ये, कारखाने कायद्यात आलेल्या कलम 41-सीने धोकादायक प्रक्रियेतल्या कामगाराची आरोग्यनोंद ठेवणे आणि ती त्याला पाहू देणे बंधनकारक केले. हिशेब मांडायचा तर कच्चा माल हाच.

नोकरी संपल्यावरही चालू राहणारे देणे एका जुन्या योजनेत थोडेसे दिसते. राज्य कर्मचारी विम्यात किमान पाच वर्षे राहून निवृत्त झालेल्या कामगाराला वर्षाला 120 रुपये भरून स्वतःचे व जोडीदाराचे उपचार चालू ठेवता येतात.