कॅलबारचे बी

पश्चिम आफ्रिकेत कॅलबारच्या परिसरात एक वेल उगवते. तिच्या शेंगांत तपकिरी, टणक बिया असतात. जुन्या काळी तिथे कुणावर आळ आला की त्याला या विषारी बिया खायला लावत. ओकून जगला तर निर्दोष, मेला तर गुन्हेगार. आपल्याकडे उकळत्या तेलात हात घालून दिव्य करायला लावत, तसलाच हा न्याय.

१८६४ साली रसायनशास्त्रज्ञांनी त्या बियांतले विष वेगळे काढले आणि त्याला फायसोस्टिग्मीन हे नाव मिळाले. पुढे कळले की त्याचा थेंब डोळ्यात घातला तर काचबिंदूच्या रोग्याच्या डोळ्यातला दाब उतरतो. विषाचे औषध झाले. १९२५ मध्ये त्याची रचनाही उलगडली. पण रचना कळली म्हणजे तो पदार्थ बनवता आला असे होत नाही. बी सोडून प्रयोगशाळेत, साध्या रसायनांपासून फायसोस्टिग्मीन तयार करणे कुणालाच साधेना.

पुढे ज्याला ते साधले, तो मुलगा अमेरिकेत वाढला. पर्सी ज्युलियन, जन्म १८९९, गाव अलाबामातले माँटगोमेरी. आजोबा एके काळी गुलाम होते. लिहायला शिकले म्हणून त्यांच्या हाताची दोन बोटे छाटली होती. १९१६ मध्ये पर्सी कॉलेजला निघाला, तेव्हा आजोबांनी उरलेल्या तीन बोटांचा हात हलवून त्याला निरोप दिला. ही आठवण ज्युलियन पुढे आयुष्यभर सांगत.

गाडी त्याला इंडियानातल्या ग्रीनकॅसल या लहानशा गावी घेऊन गेली. तिथले डीपॉ विद्यापीठ नावाने विद्यापीठ असले, तरी घडणीने लिबरल आर्ट्स कॉलेज. अशा कॉलेजात सगळा कारभार पदवीच्या मुलांसाठी चालतो. रसायनशास्त्र घेतले तरी साहित्य, इतिहास, भाषा सुटत नाहीत. प्रयोगशाळेत हाताखाली पीएच.डी. करणाऱ्यांची फौज नसते, त्यामुळे प्राध्यापकांच्या टेबलाशेजारी उभी राहतात ती पदवीची पोरेच.

माँटगोमेरीत काळ्या मुलांसाठी धड हायस्कूल नव्हते. म्हणून पर्सीला कॉलेजच्या तासांबरोबर हायस्कूलचे राहिलेले विषयही शिकावे लागले. वसतिगृहात जागा नाही. गावात खोली मिळाली, तर तिथे जेवण मिळेना. शेवटी गोऱ्या विद्यार्थ्यांच्या एका घरात पाने वाढायची, भट्टीत कोळसा घालायचा आणि माळ्यावर झोपायचे, असे जमले. त्या माळ्यावरून तो १९२० मध्ये वर्गात पहिला येऊन बाहेर पडला.

त्याचे रसायनशास्त्राचे गुरू होते विल्यम ब्लँचर्ड. आपल्या सर्वांत हुशार विद्यार्थ्याला पुढच्या शिक्षणासाठी कुठे जागा मिळते का, याची त्यांनी चौकशी केली. उत्तरांचा सूर एकच: काळ्या माणसाला एवढे शिकवून करायचे काय, त्याला नोकरी कोण देणार? ज्युलियन शिकवायला लागले, मग हार्वर्डला जाऊन १९२३ मध्ये एम.ए. झाले आणि शेवटी थेट व्हिएन्नाला पोचून १९३१ मध्ये डॉक्टरेट घेऊन आले. पुढच्याच वर्षी ब्लँचर्डनी त्यांना डीपॉत बोलावून घेतले. व्हिएन्नाचे सहकारी योजेफ पिकलही सोबत आले. आणि त्या लहान कॉलेजातल्या प्रयोगशाळेत ज्युलियननी कॅलबारच्या बियांचा विषय हातात घेतला.

तिकडे ऑक्सफर्डमध्येही त्याच विषयावर काम चालू होते. करणारे होते रॉबर्ट रॉबिन्सन, त्या काळातले सेंद्रिय रसायनशास्त्रातले सर्वांत मोठे नाव. मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागाचे (यूडीसीटी) आणि पुढे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक डॉ. के. व्यंकटरमण याच रॉबिन्सन यांचे शिष्य. १९४७ मध्ये रॉबिन्सनना नोबेल मिळाले. अशा माणसाशी बरोबरी करायची, तीही खेड्यातल्या कॉलेजातून!

फायसोस्टिग्मीनच्या वाटेवर एसेरेथोल नावाचा एक पदार्थ लागतो. तो हाती आला की पुढचा रस्ता माहीत होता. रॉबिन्सननी आपले एसेरेथोल तयार झाल्याचे छापले. ज्युलियन आणि पिकल यांचेही तयार झाले. पण दोन्ही पदार्थांचे गुणधर्म जुळेनात. म्हणजे दोघांपैकी एकाचे चुकले होते. कुणाचे, याचा अंदाज कुणीही बांधला असता.

ज्युलियननी अमेरिकन केमिकल सोसायटीच्या नियतकालिकात बेधडक लिहिले की खरे एसेरेथोल आमचे आहे, रॉबिन्सन यांचा पदार्थ दुसराच आहे. हितचिंतकांना धडकी भरली. हे चुकले असते तर त्या काळात काळ्या शास्त्रज्ञाला दुसरी संधी कुणी दिली नसती.

मग त्यांच्याजवळ भरवसा कशाचा होता? बी.एस्सी.ची मुले पहिल्या वर्षी जे करतात, त्या मेल्टिंग पॉइंटचा. केसासारख्या बारीक काचेच्या नळीचे एक टोक ज्योतीवर बंद करायचे, आत चिमूटभर कोरडी पूड घालायची, नळी टेबलावर हलके ठोकून पूड तळाशी बसवायची. ती थर्मामीटरला बांधायची आणि तेलात धरून हळूहळू तापवायची. डोळा पुडीवर आणि पाऱ्यावर. शुद्ध पदार्थ ठरलेल्या अंशावर एकदम वितळतो. भेसळ असली तर आधीच ओलसर होऊ लागतो आणि पाच-सहा अंश रेंगाळत राहतो. घाईने ज्योत मोठी केली की आकडा हमखास चुकतो. या कामाला बुद्धी फारशी लागत नाही, धीर मात्र लागतो. आपल्याकडे प्रॅक्टिकलच्या तासाला शेजाऱ्याच्या वहीतून उतरवला जातो तो हाच आकडा.

ज्युलियन आणि पिकल यांनी बियांपासून मिळवलेला अस्सल पदार्थ आणि आपण घडवलेला पदार्थ यांची अशी गाठ घालून दिली. वितळबिंदू जुळले. रॉबिन्सन चुकले होते. १९३५ मध्ये फायसोस्टिग्मीनचे संपूर्ण संश्लेषण ज्युलियन आणि पिकल यांच्या नावाने छापून आले. त्याच प्रयोगशाळेत शेवटच्या वर्षाची मुलेही ज्युलियन यांच्या हाताखाली खरे संशोधन करत होती आणि त्यांचे काम मोठ्या नियतकालिकांत छापले जात होते.

एवढ्यावर थांबलो तर गोष्ट गोड होईल, पण अर्धी राहील. ब्लँचर्डना ज्युलियन यांच्याकडे कायमची जबाबदारी सोपवायची होती. संस्थेच्या विश्वस्तांनी नकार दिला, कारण वर्ण. १९३६ मध्ये ज्युलियन शिकागोच्या ग्लिडन कंपनीत गेले आणि तिथे सोयाबीनच्या तेलातल्या द्रव्यांपासून प्रोजेस्टेरॉनसारखी संप्रेरके मोठ्या प्रमाणात बनवून दाखवली. १९५० मध्ये त्यांनी शिकागोजवळच्या ओक पार्कला घर घेतले, तर ते पेटवण्याचा प्रयत्न झाला. १९७३ मध्ये राष्ट्रीय विज्ञान अकादमीचे सदस्यत्व मिळाले, १९७५ मध्ये ते गेले. डीपॉने पुढे आपल्या विज्ञान इमारतीला त्यांचे नाव दिले, आणि १९९९ मध्ये अमेरिकन केमिकल सोसायटीने डीपॉतले ते संश्लेषण ऐतिहासिक ठेवा म्हणून जाहीर केले.

तात्पर्य दोन आहेत. पहिले विद्यार्थ्यांसाठी. मोठ्या नावाशी मतभेद झाला तर घाबरू नका, पण त्याआधी आपला आकडा स्वतःच्या हाताने, पुन्हा पुन्हा काढून पाहा. ज्युलियन यांचे धाडस त्यांच्या वहीतल्या नोंदींवर उभे होते, म्हणून ते टिकले. शेजाऱ्याच्या वहीतून उतरवलेल्या आकड्याच्या जोरावर ऑक्सफर्डला खोटे ठरवता येत नाही.

दुसरे तात्पर्य संस्था चालवणाऱ्यांसाठी. पदार्थ कुणी बनवला हे थर्मामीटर विचारत नाही; विश्वस्त मात्र विचारत बसले आणि स्वतःच्या अंगणातला माणूस गमावून बसले. हुशारी तपासण्याची साधने प्रत्येक कॉलेजात असतात. त्यांनी दिलेला निकाल मान्य करण्याची तयारी नसेल, तर ती साधने कपाटात ठेवलेलीच बरी.