सिमेंटमध्ये ठेवलेला पैसा

नायजेरियातल्या लागोसमध्ये पगार महिन्याचा असतो आणि घरभाडं वर्षाचं. या एका विसंगतीपायी तिथल्या मध्यमवर्गीयाचं निम्मं आयुष्य खर्ची पडतं. नव्या भाडेकरूकडून घरमालक वर्षाचं भाडं आगाऊ घेतो, पुष्कळदा दोन वर्षांचं मागतो. त्यावर दलालाचे साधारण दहा टक्के, करारपत्र करणाऱ्या वकिलाचे जवळपास तेवढेच आणि मोडतोडीची अनामत वेगळी. समजा, वर्षाला सहा लाख नायरा भाड्याची जागा असेल, तर पावणेआठ-आठ लाख रोख हातात असल्याशिवाय किल्ली मिळायची नाही. लागोस राज्याने २०११ साली भाडेकरू कायदा केला. नव्या भाडेकरूकडून एका वर्षापेक्षा जास्त भाडं घेता येणार नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलं. आणि त्याच कायद्यातून इकोयी, व्हिक्टोरिया आयलंड, आपापा आणि इकेजा जीआरए या वजनदार वस्त्या वगळल्या. कायदा करणारे कुठे राहत असतील, हे वेगळं विचारायला नको.

वर्षाचं भाडं एकदम उभं करायचं तर पैसे साठवावे लागतात. त्यासाठी बँकेपेक्षा जुनी सोय आहे. योरुबा लोक तिला अजो म्हणतात, इग्बो इसुसू, हाउसा अदाशी. आपल्याकडे भिशी म्हणतात तेच. बाजारपेठेत तिचं आणखी एक रूप दिसतं. रोज दुकानोदुकानी फिरणारा वसुलीवाला टोमॅटो विकणारीकडून ठरलेली रक्कम घेतो, कार्डावर खूण करतो आणि महिन्याच्या शेवटी सगळी रक्कम परत देतो, त्यातला एका दिवसाचा हप्ता स्वतःला ठेवून. म्हणजे व्याज मिळायचं राहिलं बाजूला, बचत करणारीच बचतीचे पैसे मोजते. अर्थशास्त्राच्या वर्गात याला वेडेपणा म्हणतील. पण डिसेंबर २०२४ मध्ये सरकारी आकड्यांनुसार महागाई ३४.८ टक्क्यांवर होती. बँकेच्या बचत खात्यावरचं व्याज त्याच्या आसपासही नव्हतं. दोन्हीकडे तोटाच होणार असेल, तर निदान दारात येणारा ओळखीचा माणूस बरा.

ओळखीवरचा हा विश्वास कधी भलत्याच ठिकाणीही पोचतो. एमएमएम नावाच्या रशियन जातकुळीच्या साखळी योजनेने डिसेंबर २०१६ मध्ये ऐन नाताळाच्या तोंडावर नायजेरियातली खाती गोठवली. एप्रिल २०२५ मध्ये सीबीईएक्स नावाच्या योजनेने तोच प्रयोग नव्या अवतारात केला. दोन्ही वेळा लोकांच्या हावरेपणावर अग्रलेख आले. मला त्यांतला उपदेश पटत नाही. ज्या चलनात पैसा नुसता ठेवला तरी गळत जातो, त्या चलनात कमावणारा माणूस सावध राहूनही बुडतोच.

नायरा १ जानेवारी १९७३ ला आला, ब्रिटिश धाटणीच्या पौंडाच्या जागी. १९८० च्या आसपास एका डॉलरला एक नायरासुद्धा पडत नव्हता. २०२४ च्या फेब्रुवारीत दीड हजारावर पडत होते. शेवटची मोठी घसरण राजकीय निर्णयांनी झाली. २९ मे २०२३ ला राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेताना बोला टिनुबू यांनी पेट्रोलवरचं अनुदान संपल्याचं जाहीर केलं आणि दोनशेच्या आत असलेला लिटरचा भाव दोन महिन्यांत सहाशेच्या वर गेला. जूनमध्ये विनिमय दर मोकळा सोडला. अनुदान तस्करांच्या घशात जात होतं, हे खरं. खोट्या विनिमय दरावर सत्तेच्या जवळचे लोक गब्बर होत होते, हेही खरं. पण हिशेब चुकता झाला तो पगारदारांच्या खिशातून. त्याची झळ महाराष्ट्रापर्यंत पोचली: नायजेरियाच्या रस्त्यांवर धावणाऱ्या मोटारसायकली आणि तीनचाकी ‘केके’ यांत पुण्याच्या बजाज ऑटोचा वाटा मोठा आहे, आणि नायरा कोसळला तशी कंपनीची तिथली निर्यात आपटली. (लागोसमध्ये या रिक्षाला केके मारवा म्हणतात, ती आणणाऱ्या लष्करी प्रशासकाच्या नावावरून, इतरत्र केके नॅपेप, गरिबी हटवण्याच्या सरकारी योजनेवरून. योजना गेली, नाव राहिलं.)

टिनुबूंच्या शपथेच्या काही महिने आधी तर नोटाच नाहीशा झाल्या होत्या. मध्यवर्ती बँकेने २००, ५०० आणि १००० च्या नव्या नोटा आणल्या आणि जुन्या बदलून घ्यायची मुदत ऐन निवडणुकीच्या तोंडावर, फेब्रुवारी २०२३ मध्ये संपवली. नव्या नोटा पुरेशा छापल्याच नव्हत्या. लोक स्वतःच्या खात्यातले पैसे काढायला रात्रभर रांगेत उभे राहिले. काहींनी नोटा विकत घेतल्या, नोटा देऊन. ३ मार्चला सर्वोच्च न्यायालयाने जुन्या नोटा वर्षअखेरपर्यंत चालतील असा निकाल दिला. तोवर राष्ट्राध्यक्षपदाचं मतदान होऊन गेलं होतं. २०१६ चा नोव्हेंबर आठवणाऱ्या मराठी वाचकाला यातलं फारसं काही समजावून सांगायला नको.

अशा देशात शहाणा माणूस पैसा कशात ठेवील? सिमेंटमध्ये. लागोसच्या कडेला, इकोरोडूत किंवा लागोस-इबादान महामार्गावरच्या मोवे-इबाफोत, अर्धवट बांधलेल्या घरांच्या रांगाच्या रांगा दिसतात. कुठे जोत्यापर्यंत आलेलं काम, कुठे खिडक्यांच्या वरची तुळई टाकून थांबलेलं, कुठे नुसतंच कुंपण आणि आत गवत. पाहुण्याला वाटतं, बांधकामं बंद पडली. ती चालू आहेत, फक्त पंधरा वर्षं चालणार आहेत. अजोची पाळी लागली की वाळूचा ट्रक येतो. बोनस मिळाला की सिमेंटचे ठोकळे पाडून रचून ठेवतात, कारण ठोकळ्याची किंमत नायरासारखी घसरत नाही. लंडन-ह्यूस्टनच्या मुलाने पैसे पाठवले की छप्पर चढतं. दारं-खिडक्या बसायच्या आत कुटुंब राहायला येतं, कारण प्रत्येक महिना म्हणजे वाचलेलं भाडं. फेब्रुवारी २०२४ मध्ये सिमेंटची गोणी दहा हजार नायरांच्या वर गेली तेव्हा सरकारला उत्पादकांना बोलावून सात-आठ हजारांवर भाव ठरवून घ्यावा लागला. त्या महिन्यात देशाचं किमान वेतन होतं तीस हजार. महिनाभर राबायचं आणि तीन गोण्या आणायच्या.

मग कर्ज का काढत नाहीत? मध्यवर्ती बँकेचा दर २०२४ च्या अखेरीस २७.५ टक्के होता, हे एक उत्तर. पण व्याज खाली असतानाही गृहकर्जाची बाजारपेठ तिथे उभी राहिली नव्हती. १९९२ च्या राष्ट्रीय गृहनिर्माण निधी कायद्याने पगारातून अडीच टक्के कापायची सोय केली आणि त्यातून फेडरल मॉर्गेज बँकेने सहा-सात टक्क्यांनी कर्ज द्यायचं ठरलं. कपात इमानाने होत राहिली. कर्जापर्यंत पोचले थोडे. कारण कर्ज मागायला गेलं की बँक पहिला प्रश्न विचारते तो जमिनीच्या कागदाचा, आणि इथे आपण मूळ दुखण्यापाशी येतो.

१९७८ साली जनरल ओबासांजो यांच्या लष्करी सरकारने भूमी वापराचा हुकूम काढला. त्याने प्रत्येक राज्यातली सगळी जमीन त्या राज्याच्या गव्हर्नरकडे विश्वस्त म्हणून सोपवली. तिथला गव्हर्नर म्हणजे आपला राज्यपाल नव्हे. तो निवडून येतो, आणि अधिकारात आपल्या मुख्यमंत्र्याच्याही वरचढ असतो. नागरिकाच्या हाती मालकी राहिली नाही, राहिला तो वहिवाटीचा हक्क, बहुधा ९९ वर्षांचा, आणि त्याचं प्रमाणपत्र, ज्याला सगळा देश ‘सी ऑफ ओ’ म्हणतो. ही जमीन विकायची असो, गहाण ठेवायची असो, गव्हर्नरची संमती लागते. हेतू वाईट नव्हता. सट्टेबाजी रोखायची, विकासाला जमीन सहज मिळवून द्यायची, उत्तर-दक्षिणेचे वेगवेगळे रिवाज एका सूत्रात आणायचे. पण ज्या कामाला एका माणसाची सही लागते, त्या कामाचा भाव तो माणूस ठरवतो.

संमतीचं हे कलम काय करू शकतं, ते सव्हाना बँकेच्या १९८९ च्या खटल्यात दिसलं. एका कर्जदाराने जमीन गहाण ठेवून पैसे उचलले आणि फेडले नाहीत. बँकेने लिलाव पुकारला. कर्जदार न्यायालयात गेला आणि म्हणाला, गहाणखताला गव्हर्नरची संमतीच नव्हती, सबब खत बेकायदा. संमती मिळवायची जबाबदारी खरं तर त्याचीच. सर्वोच्च न्यायालयाने अनिच्छेने का होईना, त्याच्या बाजूने निकाल दिला. हा निकाल वाचलेला कुठलाही बँकर हप्त्यावर घर घ्यायला आलेल्या शिक्षकाकडे कसा पाहील? नायजेरियात गृहकर्ज वाढत नाही याचं खापर लोकांच्या ‘रोखीच्या सवयी’वर फोडणाऱ्यांनी आधी हा निकाल वाचावा.

आणि कागद कितीही पक्के असले तरी जागेवर ओमो ओनिले उभे असतात. जमिनीच्या मूळ कुळातले म्हणवणारे हे तरुण पायाचे पैसे मागतात, मग भिंतीचे, मग छपराचे. कुळातल्या दोन भावांनी एकच जमीन तिघांना विकलेली असणं नवलाचं नाही. भिंतीवर मोठ्या अक्षरांत ‘हे घर विकाऊ नाही’ असं रंगवलेलं दिसतं ते यामुळेच: मालक परगावी असताना कोणी घर परस्पर विकू नये म्हणून. लागोसने २०१६ मध्ये या खंडणीखोरीविरुद्ध कडक कायदा केला. तरीही घर बांधणारा आपल्या अंदाजपत्रकात त्यांचा आकडा धरतोच. जो कायदा १९७८ साली कुळांच्या हातून जमीन काढून घेतो आणि त्यांना ना धड मोबदला देतो ना धड बाजूला करतो, त्याच्या पोटी असे वारस जन्मणारच.

वरच्या टोकालाही हाच खेळ चालतो. जुलै १९९० मध्ये लष्करी गव्हर्नर राजी रसाकी यांनी व्हिक्टोरिया आयलंडला लागून असलेली मारोको ही वस्ती बुलडोझर लावून उठवली. सुमारे तीन लाख माणसं बेघर झाली. मोकळ्या झालेल्या जमिनीवर पुढे उच्चभ्रूंची घरं उठली. अलीकडचं उदाहरण तर गमतीदार आहे. राजधानी अबुजात जमिनीचा अधिकार राष्ट्राध्यक्षांच्या वतीने मंत्री वापरतो. मार्च २०२५ मध्ये मंत्री न्येसोम विके यांनी भूभाडं थकवल्याबद्दल ४,७९४ भूखंडांचे हक्क रद्द केले. त्यांत पीडीपी या विरोधी पक्षाच्या मुख्यालयाचा भूखंडही होता, आणि विके स्वतः तेव्हा त्याच पक्षाचे होते. डिसेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने अबुजातली ७५३ घरांची एक अख्खी वसाहत बेकायदा संपत्ती म्हणून सरकारजमा केली. पुढे तिच्याशी मध्यवर्ती बँकेच्या माजी गव्हर्नरचं नाव जोडलं गेलं. त्यांनी त्या आदेशाला न्यायालयात आव्हान दिलं. त्या वादात कोण खरं, ते ठरवणं न्यायालयाचं काम. पण बेहिशेबी पैसाही शेवटी सिमेंटमध्येच जातो, हे तपास यंत्रणांनी पुन्हापुन्हा उघड केलं आहे. टोमॅटोवाली आणि बडी धेंडं, दोघांचाही नायरावर सारखाच अविश्वास.

इग्बो कुटुंबांचा अनुभव यात आणखी एक थर घालतो. १९७० मध्ये नायजेरियातून फुटू पाहणाऱ्या इग्बोबहुल बियाफ्राचं युद्ध संपलं तेव्हा त्यांच्या बँकेतल्या ठेवींपोटी, मूळ रक्कम कितीही असो, बहुतेकांना सरसकट वीस पौंड मिळाले. पोर्ट हार्कोर्टमध्ये सोडून आलेली त्यांची घरं ‘बेवारस मालमत्ता’ ठरली. तेव्हापासून पुष्कळ इग्बो बाप मुलांना बजावतात की शहरात हवं तेवढं कमव, पण पहिलं घर गावात बांध. ही घरं वर्षातले अकरा महिने कुलपात असतात आणि नाताळात उघडतात. बाहेरच्याला ती उधळपट्टी वाटते, मला तो विमा वाटतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये टिनुबूंच्या बालेकिल्ल्यात, लागोसमध्ये, राष्ट्राध्यक्षपदाचे इग्बो उमेदवार पीटर ओबी यांना त्यांच्यापेक्षा जास्त मतं पडली. पुढच्या महिन्यात गव्हर्नरच्या निवडणुकीवेळी इग्बो मतदारांना हे शहर तुमचं नव्हे असं उघड बजावण्यात आलं. त्यांतल्या कित्येकांची घरं, दुकानं, कर भरल्याच्या पावत्या याच शहरातल्या होत्या.

घर झालं की मालक बोअर मारतो, जनरेटर आणतो, जमलं तर सोलर बसवतो. गल्लीतले मिळून फाटक लावतात, पहारेकरी नेमतात, खड्डे बुजवतात. आपापली नगरपालिका आपणच, असं लोक हसत म्हणतात. मला यातली हुशारी कळते, आणि तिच्यातला तोटाही. पाणी, वीज, रस्ता, पोलीस यांची ज्याने स्वतःपुरती व्यवस्था लावली, तो मत मागायला आलेल्या उमेदवाराला या गोष्टी विचारायचं सोडून देतो. एप्रिल २०२४ मध्ये जास्त तास वीज मिळणाऱ्या ग्राहकांचा दर युनिटला ६८ वरून २२५ नायरा झाला, तेव्हा ओरड झाली. पण बहुतेकांनी हिशेब केला तो इन्व्हर्टर परवडेल का याचा. सरकार घरं बांधेल ही अपेक्षाही आटली आहे. पत्रकारितेतून आलेले लतीफ जकांडे १९७९ ते ८३ लागोसचे गव्हर्नर होते. त्यांनी बांधलेल्या स्वस्त घरांच्या वसाहती आजही त्यांच्या नावाने ओळखल्या जातात, कारण त्यानंतर त्या तोलाचं काम क्वचितच झालं. एक कोटी सत्तर लाख घरांची तूट हा आकडा मात्र भाषणांत वर्षानुवर्षं फिरतो; तो कोणी, कसा मोजला, यावर तज्ज्ञांचं एकमत नाही.

टिनुबू सरकारने ‘रिन्यूड होप’ नावाने नव्या वसाहतींचा कार्यक्रम काढला आहे, अबुजाजवळच्या करसानात ३,११२ घरं त्यात आहेत. माझ्या मते यातून फार थोडं बदलेल. हवी आहे ती संमतीच्या कलमाची दुरुस्ती. राष्ट्राध्यक्ष उमारू यारअदुआ यांना हे कळलं होतं. २००९ मध्ये त्यांनी भूगोलतज्ज्ञ अकिन माबोगुंजे यांच्या अध्यक्षतेखाली भूसुधारणा समिती नेमली. मे २०१० मध्ये यारअदुआ वारले, आणि विषय मागे पडला. अडचण राज्यघटनेतच आहे. लष्कराने सत्ता सोडताना १९९९ च्या घटनेत भूमी वापराचा हा कायदा असा गुंफला की तो बदलायला घटनादुरुस्तीइतकं बहुमत लागतं: केंद्रीय संसदेच्या दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश, आणि वर ३६ पैकी किमान २४ राज्यांच्या विधानसभांचा होकार. त्या विधानसभा बहुतांशी ज्यांच्या शब्दाबाहेर जात नाहीत ते गव्हर्नर, आणि जमिनीवरच्या सहीचा अधिकार ज्यांच्याकडून काढून घ्यायचा तेही गव्हर्नरच.