थोरल्याने धाकट्याला सांगावयाचे सरकार

मोठ्या मुलांनी लहानांना शिकवावे, ही रीत आपल्याकडे नवी नाही. जुन्या गावठी शाळेत पंतोजी थोरल्या मुलांवर धाकट्यांच्या पाट्या सोपवीत. अँड्र्यू बेल नावाच्या धर्मोपदेशकाने मद्रासच्या अनाथालयात तीच पद्धत चालवली आणि १७९७ साली तिच्यावर पुस्तक लिहून ती इंग्लंडात पोहोचवली. आपल्या धर्मशिक्षणाच्या वर्गांतही मोठी ताई चिमुरड्यांना घेऊन बसतेच. परंतु उजळणी कोणीही म्हणून दाखवली तरी तीच राहते. राज्यकारभाराचा पाठ तसा नसतो.

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांच्या पश्चिमेकडील डोंगराळ पट्ट्याचेच पाहा. येथे महादेव कोळी समाजाची वस्ती आहे आणि यातील अनेक गावे अनुसूचित क्षेत्रात मोडतात. बारावीत शिकणारा एखादा मुलगा आज इंटरनेटवर शोध घेऊ लागला, तर शासन निर्णय, सातबारा, ‘ई-ग्रामस्वराज’वरील आपल्या ग्रामपंचायतीचा आराखडा, सारे त्याच्या हाती येते. १९९६ चा पेसा कायदा आणि त्याखालील महाराष्ट्राचे २०१४ चे नियमही सापडतात. मग तो धाकट्यांना सांगतो, की तुमची आई रानातून जो हिरडा गोळा करते, त्या गौण वनोपजावर ग्रामसभेचा हक्क आहे. जमीन संपादन करण्यापूर्वी गावाचा विचार घेणे कायद्याने बंधनकारक आहे.

अशा वेळी एखादे चुणचुणीत पोर विचारील, “दादा, मग आंबेगाव का बुडालं?”

प्रश्न रास्त आहे. ज्या गावाने तालुक्याला नाव दिले, ते गाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले आहे. त्या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनूंचे नाव आहे. महाळुंगे पडवळचा हा गिरणी कामगार १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत परदेशी कापडाच्या ट्रकसमोर आडवा झाला व प्राणास मुकला. पहिले उत्तर सोपे आहे: धरण आधीचे, कायदा नंतरचा. पण पोर तेवढ्यावर थांबत नाही. “मग आता तरी आपल्याला विचारतात का?” या प्रश्नाचे उत्तर पडद्यावर नसते. ते ग्रामपंचायतीच्या इतिवृत्ताच्या वहीत असते, आणि तेथेही सह्या घरोघर फिरून घेतल्या, की सभा खरोखर भरली, हे वही सांगत नाही.

येथे दादाची खरी कसोटी आहे. कायद्यातील कलम जसेच्या तसे वाचून दाखवावे, तर ते अर्धसत्य ठरते. ‘सगळे कागदावरच असते रे’ म्हणून हसावे, तर शहाणपणाचा आव आणता येतो. मला विचाराल, तर दुसरा मोह अधिक घातक. जो हक्क आपला आहे हे मुलाला ठाऊकच नाही, तो हिरावला गेल्याचे त्याला कळणार कसे? शिवाय धाकटा जो विश्वास ठेवतो, तो संकेतस्थळावर नव्हे, दादावर. शिक्षकाच्या सांगण्यात काही अंतर असते. भावाच्या सांगण्यात ते नसते. म्हणून ‘येथे असे लिहिले आहे’ आणि ‘आपल्या गावात असे घडते’ ही दोन वाक्ये त्याने वेगवेगळी उच्चारली पाहिजेत. ‘हे मला अजून ठाऊक नाही’ हे तिसरेही.

मुलांच्या कानी राजकारण घालू नये, असे काही पालक म्हणतात. ज्या घरची जमीन गेली, त्या घरात ते केव्हाच पोहोचलेले असते.

ठाऊक नाही ते विचारण्याची सोय २००५ च्या माहितीच्या अधिकाराने केली आहे. वहीची नक्कल मागता येते. ग्रामसभेत मात्र मतदारालाच स्थान असते आणि सतरा वर्षांचा दादाही अद्याप मतदार नाही. तेव्हा प्रश्न दोघांनी मिळून कागदावर लिहावा लागेल आणि हिरडा वेचून परतलेल्या आईला तो समजावून सांगून सभेत विचारायला लावावा लागेल.