लहान केलेला फोटो आणि ‘तोच’पणाचा प्रश्न

फोटोची फाइल लहान केली तर फोटो तोच राहतो का, हा प्रश्न वरवर तंत्राचा वाटतो. पण वस्तू बदलली तरी तिला ‘तीच’ कोणत्या आधारावर म्हणायचे, हा तत्त्वज्ञानातला फार जुना प्रश्न त्यात दडलेला आहे.

जळगाव-धुळ्याच्या झेरॉक्सच्या दुकानांत आणि ई-सेवा केंद्रांत भरतीच्या दिवसांत तो रोज उभा राहतो. बँकभरतीसाठी आयबीपीएसच्या अर्जात फोटो 20 ते 50 केबीचा आणि सही 10 ते 20 केबीची लागते. फोटोचे माप साधारण 200 बाय 230 पिक्सेल. मोबाइलचा 12 मेगापिक्सेलचा फोटो काही एमबींचा असतो, म्हणून तो अपलोडच होत नाही. तो कातरून, आकार घटवून बसवला की 1 कोटी 20 लाख बिंदूंच्या जागी 46 हजार राहतात. तरीही परीक्षा केंद्रावर प्रवेशपत्रावरचा चेहरा पाहून उमेदवार तोच आहे, हे मान्य होते.

बिंदू घटवल्यावर उरलेली काटछाट जेपीईजी पद्धत करते. 1992 पासून प्रमाण मानलेली ही पद्धत चित्राचे आठ बाय आठ बिंदूंचे चौकोन पाडते आणि प्रत्येक चौकोनातला उजेड-अंधार ठळक व बारीक चढउतारांत मांडते. या मांडणीमागचे गणित नासिर अहमद, टी. नटराजन आणि के. आर. राव यांनी 1974 मध्ये प्रसिद्ध केले. ठळक चढउतार जपले जातात, बारीक चढउतारांपैकी बरेचसे शून्य होतात. रंगांचा तपशील उजेडापेक्षा जास्त कापला जातो, कारण रंगातला बारीक फरक डोळ्याला कमी कळतो. म्हणजे काय टाकायचे हे ठरते ते पाहणाऱ्याच्या नजरेवरून.

‘तोच’पणाच्या प्रश्नाला अद्वैत वेदान्ताने दिलेले उत्तर खानदेशाला परके नाही. अमळनेरला प्रतापशेठ यांच्या आश्रयाने 1916 मध्ये तत्त्वज्ञान मंदिर सुरू झाले, आणि वेदान्त हा तिथल्या अभ्यासाचा गाभा होता. साने गुरुजी अमळनेरला आले तेही आधी या संस्थेत अभ्यासासाठी. वेदान्तातले ठरलेले उदाहरण देवदत्ताचे आहे. पूर्वी दुसऱ्या गावी पाहिलेला देवदत्त आज इथे भेटला, तर ‘हा तोच’ असे म्हणताना तेव्हाचा काळ व ते गाव, आणि आत्ताचा काळ व हे गाव, असे परस्परांशी न जुळणारे अंश बाजूला ठेवले जातात आणि दोन्हीकडे समान असलेली व्यक्ती तेवढी घेतली जाते. याला भागत्यागलक्षणा म्हणतात. प्रवेशपत्रावरच्या चेहऱ्याची ओळख अशीच पटते.

मात्र साम्य इथेच संपते. वेदान्ती अंश सोडतो तो अर्थ लावताना. त्याने देवदत्ताचे काहीच कमी होत नाही. जेपीईजीने टाकलेला तपशील त्या फाइलमध्ये परत आणता येत नाही, आणि तीच फाइल कमी दर्जाला पुन्हा पुन्हा साठवली तर आणखी झीज होते.

ही झीज कुठे घातक ठरते, हे धुळ्यात कळते. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे 31 डिसेंबर 1926 रोजी याच गावी निधन झाले. त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ इथे आहे. मराठ्यांच्या इतिहासाची साधने त्यांनी 22 खंडांत छापली. छापणे हीसुद्धा घटच होती: मजकूर आला, पण कागद, शाई, अक्षराचे वळण मागे राहिले. म्हणूनच अस्सल कागद जपावा लागतो. अशा जुन्या कागदांच्या मोडी लिपीत लेखणी फारशी न उचलता अक्षरे सलग लिहिली जातात. एखादा फाटा पुसट झाला तर वाचन बदलू शकते. जेपीईजी नेमकी शाईच्या रेषेची कड धूसर करते. चेहऱ्याच्या फोटोत जो तपशील फालतू, तोच मोडी पत्रात मुख्य ऐवज असतो.

त्यामुळे ‘तोच’पणाचा निवाडा फाइलच्या आकारावरून करता येत नाही, चित्र कशासाठी हवे आहे, यावरून करावा लागतो. अर्जासाठी 50 केबी पुरेसे आहेत. जुन्या पत्राची मूळ प्रत टिफसारख्या, काहीही न गाळणाऱ्या स्वरूपात ठेवावी आणि संकेतस्थळासाठी तिच्यावरून वेगळी लहान प्रत काढावी. घरातल्या जुन्या फोटोंनाही हाच नियम लावावा: लहान केलेली फाइल नव्या नावाने साठवावी, मूळ फाइलवर कधीही चढवू नये.