पात्राची तहान

एकच गीत, एकाच रंगमंचावर, ठरलेल्या क्रमाने आणि ठरलेल्या प्रकाशात शेकडो रात्री गाणाऱ्या गायकाची भावना खरी मानता येईल काय, हा प्रश्न जनप्रिय संगीताच्या संदर्भात वारंवार विचारला जातो. प्रश्नाचा रोख बहुधा आरोपाचा असतो. पुनरावृत्तीमुळे भावना यांत्रिक होते, यांत्रिक भावना खरी म्हणून विकणे ही फसवणूक होय, आणि ही विक्री जुगारगृहाच्या छपराखाली होत असेल तर फसवणुकीला लोभाचीही जोड मिळते, अशी ही तर्कमालिका आहे. लास वेगासच्या कॅसिनोंमधील नाट्यगृहांत एकाच गायकाच्या ज्या दीर्घ मुक्कामी प्रयोगमाला चालतात, ज्यांना तिकडे 'रेसिडेन्सी' म्हणतात, त्या या आरोपाच्या तपासणीसाठी योग्य उदाहरण ठरतात. मात्र ही तपासणी काटेकोरपणे केली तर असे दिसते की, आरोप चुकीच्या जागी ठेवला गेला आहे; आणि जी जागा खरोखर आक्षेपार्ह आहे ती आस्वादकाच्या नजरेआड राहिली आहे.

या प्रयोगमालांचे आजचे रूप निश्चित झाले ते सेलीन डियॉन यांच्या 'अ न्यू डे' या कार्यक्रमाने. सीझर्स पॅलेस या कॅसिनो-हॉटेलाच्या आवारात सुमारे साडेनऊ कोटी डॉलर खर्चून चार हजारांहून अधिक आसनांचे 'कॉलॉसियम' हे नाट्यगृह मुख्यतः त्यांच्यासाठी उभारण्यात आले. २५ मार्च २००३ रोजी पहिला प्रयोग झाला तेव्हा त्यांनी वयाची पस्तिशीही गाठली नव्हती. वेगासचा मुक्काम म्हणजे कीर्तीला ओहोटी लागलेल्या गायकांची निवृत्तीची सोय, असा तोवरचा समज होता. १५ डिसेंबर २००७ रोजी ही माला संपली तेव्हा सातशेहून अधिक प्रयोग झाले होते, सुमारे तीस लाख प्रेक्षकांनी ते पाहिले होते आणि तिकीटविक्री ३८ कोटी डॉलरच्या पुढे गेली होती. पुढे २०११ ते २०१९ या काळात त्याच रंगमंचावर त्यांचे आणखी चारशेहून अधिक प्रयोग झाले. मराठी रंगभूमीच्या इतिहासात 'मुक्काम' हा शब्द नाटक मंडळ्यांच्या फिरतीशी जोडलेला आहे. मंडळी गावात येत, मुक्काम ठोकीत आणि प्रेक्षक आटले की पुढचे गाव गाठीत. वेगासमध्ये ही रचना उलटी झाली. गायक स्थिर राहिला आणि प्रेक्षक फिरता झाला. गावच दररोज बदलत असल्यामुळे मुक्काम हलवण्याचे कारण उरले नाही. पुनरावृत्तीला बाहेरून पडणारी मर्यादा नाहीशी झाली, ही या व्यवस्थेतील कळीची गोष्ट होय.

आता पहिला आक्षेप पाहू जाता, पुनरावृत्ती म्हणजे अप्रामाणिकपणा हे समीकरण टिकत नाही. अठराव्या शतकात दिदरोने नटाच्या विरोधाभासाची चर्चा करताना हे दाखवून दिले होते. स्वतःच्या भावनेवर विसंबणारा नट पहिल्या प्रयोगात पेटून उठेल आणि तिसऱ्या प्रयोगात थंडगार पडेल. जो दररोज सारख्याच उंचीवर पोहोचतो, तो निरीक्षणाच्या आणि संयमाच्या बळावर. भारतीय काव्यशास्त्राने हाच मुद्दा अधिक मूलगामी रीतीने मांडला आहे. नाट्यशास्त्रावरील आपल्या टीकेत अभिनवगुप्त सांगतो की, नटाला 'पात्र' म्हणतात ते साभिप्राय आहे. मद्याच्या पात्राला मद्याची चव कळत नाही; ते चव घेण्याचे साधन असते. रसाची प्रतीती सहृदयाला व्हावयाची, नटाला नव्हे. त्यामुळे नटाच्या मनात त्या क्षणी कोणता भाव होता ही चौकशीच रसविचाराच्या कक्षेबाहेर जाते. 'टायटॅनिक' (१९९७) या चित्रपटातील विरहगीत डियॉन यांनी शेकडो वेळा गायले. त्या प्रत्येक वेळी त्यांना विरह झाला होता काय, हे विचारणे हा आस्वादाचा निकष होऊ शकत नाही. श्रोत्याला झालेली प्रतीती खरी होती, एवढे पुरेसे आहे.

दुसरा आक्षेप स्थळाचा व हेतूचा आहे. नेव्हाडा राज्यात १९३१ साली जुगार कायदेशीर झाला, आणि पुढील अनेक दशके कॅसिनोंतील करमणूक ही जुगाऱ्यांना आत ओढण्याचे साधन होती. कार्यक्रमात तोटा आला तरी टेबलांवर तो भरून निघे. आज चित्र बदललेले आहे. या शतकाच्या आरंभापासून वेगासच्या मुख्य रस्त्यावरील मोठ्या कॅसिनो-हॉटेलांच्या एकूण उत्पन्नात जुगाराचा वाटा निम्म्याहून कमी झाला असून खोल्या, खानपान आणि कार्यक्रम यांचे पारडे जड झाले आहे. म्हणजे गाणे पूर्वी आमिष होते, आता ते स्वतःच माल आहे. हे स्थित्यंतर समजावून घेताना रा. भा. पाटणकरांच्या 'सौंदर्यमीमांसे'ने (१९७४) मराठीत रुजवलेला लौकिकतावाद आणि अलौकिकतावाद हा भेद उपयोगी पडतो. अलौकिकतावादी म्हणेल की गीताचे मूल्य गीतातच आहे. बाहेर पत्ते पिसले जात आहेत की आरती चालली आहे याच्याशी त्याचा संबंध नाही. लौकिकतावादी म्हणेल की गीत हा जीवनव्यवहाराचाच भाग असल्याने तो व्यवहार गीताच्या मूल्यात उतरतोच. येथे दोघांचेही अर्धे बरोबर आहे. राजदरबार, देवालय, गिरणीमालकाचा दिवाणखाना यांच्या आश्रयाने उत्तम कला निर्माण झाली आहे. आश्रयदात्याचा पैसा स्वच्छ नव्हता म्हणून राग बेसूर झाला नाही. तेव्हा जुगाराच्या पैशाने गाणे आपोआप भ्रष्ट होते, असे म्हणता येणार नाही.

परंतु कॅसिनोची एक वृत्ती अशी आहे की जिचा गाण्याशी अंतर्गत विरोध आहे, आणि तिच्याकडे लक्ष देणे आवश्यक आहे. गीताला शेवट असतो. त्याचा आकार शेवटामुळेच सिद्ध होतो. जुगाराच्या टेबलाला शेवट नसतो. खेळणाऱ्याने उठू नये यावरच त्याचे अर्थकारण उभे असते. जिंकणाऱ्याने आणखी जिंकण्यासाठी बसावे, हरणाऱ्याने हरलेले परत मिळवण्यासाठी बसावे. न थांबणे हाच त्या जागेचा कायदा होय. खरा नैतिक प्रश्न असा की, या जागेत मुक्कामाला आलेला गायक कोणत्या कायद्याखाली येतो? गीताच्या, की टेबलाच्या?

वेगासच्या इतिहासात या प्रश्नाची उत्तरे विखुरलेली आहेत. १९५० च्या दशकात सॅमी डेव्हिस ज्युनियर, नॅट किंग कोल यांसारखे कृष्णवर्णीय कलावंत तेथील हॉटेलांच्या रंगमंचावर गात. परंतु वर्णभेदाच्या दंडकामुळे ज्या हॉटेलात गायचे त्याच हॉटेलात सामान्यतः त्यांना राहता येत नसे. प्रयोग संपल्यावर कृष्णवर्णीयांच्या वस्तीत जाऊन उतरावे लागे. मार्च १९६० मध्ये झालेल्या समझोत्यानंतर हे निर्बंध सैल झाले. पात्राच्या सिद्धान्ताचे इतके उघडे विडंबन दुसरे नसेल. आवाज आत, माणूस बाहेर. प्रेक्षकागारातील रसप्रतीतीत मात्र यामुळे काही उणे पडत नव्हते.

एल्व्हिस प्रिस्ली यांचे उदाहरण अधिक गुंतागुंतीचे आहे. ३१ जुलै १९६९ रोजी इंटरनॅशनल हॉटेलात त्यांनी पुनरागमन केले. चार आठवड्यांत ५७ प्रयोग झाले, आणि डिसेंबर १९७६ पर्यंत ही संख्या सहाशेच्या वर गेली. आरंभीच्या प्रयोगांतील चैतन्य सर्वमान्य आहे. अखेरच्या वर्षांत प्रकृती आणि गाणे दोन्ही ढासळत गेले, हेही सर्वज्ञात आहे. त्यांचे व्यवस्थापक टॉम पार्कर त्याच हॉटेलच्या जुगारात मोठ्या रकमा हरत, असे चरित्रकारांनी नोंदवले आहे. गायकाचा करार आणि व्यवस्थापकाचे कर्ज एकाच छपराखाली नांदत असतील, तर गायकाच्या 'आता पुरे' या शब्दाला किती वजन उरते? प्रिस्ली यांच्यावर कोणी कायद्याने सक्ती केली नव्हती. तथापि थांबण्यात ज्याचा लाभ होता असा त्यांच्याभोवती जवळपास कोणीच नव्हता. १६ ऑगस्ट १९७७ रोजी वयाच्या ४२ व्या वर्षी त्यांचा मृत्यू झाला.

ब्रिटनी स्पिअर्स यांच्या बाबतीत सक्तीला कायद्याचेच रूप होते. २००८ साली लॉस एंजलिसच्या न्यायालयाने त्यांना स्वतःचा व आपल्या मालमत्तेचा कारभार पाहण्यास अक्षम ठरवून पालकत्वाखाली ठेवले आणि या व्यवस्थेत त्यांच्या वडिलांना प्रमुख अधिकार मिळाले. ही व्यवस्था चालू असतानाच डिसेंबर २०१३ ते डिसेंबर २०१७ या चार वर्षांत प्लॅनेट हॉलिवूड या कॅसिनो-हॉटेलात 'पीस ऑफ मी' या कार्यक्रमाचे त्यांनी २४८ प्रयोग केले. जी व्यक्ती आपल्या पैशाचा हिशोब ठेवण्यास असमर्थ मानली गेली, ती हजारो लोकांसमोर दीड तास नाचून गाण्यास मात्र समर्थ मानली गेली. त्या काळात समीक्षक कशाची चर्चा करीत होते? त्या प्रत्यक्ष किती गातात आणि ध्वनिमुद्रित आवाजाची साथ किती घेतात, याची. आवाज अस्सल आहे काय, हा प्रश्न पुनःपुन्हा विचारला गेला. होकार अस्सल आहे काय, हा प्रश्न चाहत्यांच्या एका छोट्या गटापलीकडे फारसा कोणी विचारला नाही. २३ जून २०२१ रोजी स्पिअर्स यांनी न्यायालयापुढे सांगितले की, त्यांना इच्छेविरुद्ध काम करावे लागले आणि नव्या वेगास-प्रयोगमालेला नकार दिल्यावर त्याचे परिणाम भोगावे लागले. १२ नोव्हेंबर २०२१ रोजी ते पालकत्व संपुष्टात आले.

ही तीन उदाहरणे डियॉन यांच्या शेजारी ठेवली म्हणजे भेद स्पष्ट होतो. डियॉन यांच्यासाठी नाट्यगृह बांधले गेले. वाळवंटाच्या कोरड्या हवेत गळा टिकावा म्हणून दमटपणा राखण्याची योजना झाली. २०१२ मध्ये स्वरयंत्राचा त्रास झाला तेव्हा काही महिन्यांचे प्रयोग रद्द करता आले. १४ जानेवारी २०१६ रोजी पती रेने आंजेलील यांचे निधन झाल्यावर २३ फेब्रुवारीला त्या रंगमंचावर परतल्या, तेव्हा हे परतणे त्यांचे स्वतःचे होते असे म्हणण्यास आधार आहे. येथे पात्र स्वतःची काळजी घेऊ शकत होते. तरीही हे चित्र निर्वेध नाही. स्नायू ताठरणाऱ्या एका दुर्मीळ मज्जाविकाराने आपल्याला ग्रासले असल्याचे त्यांनी डिसेंबर २०२२ मध्ये जाहीर केले, आणि त्याची लक्षणे सुमारे १७ वर्षांपूर्वीच दिसू लागली होती, हे २०२४ मध्ये सांगितले. याचा अर्थ, दुसऱ्या प्रयोगमालेतील कित्येक रात्री जे शरीर लाखो श्रोत्यांना आनंद देत होते ते आतून निकामी होत चालले होते, आणि श्रोत्यांपासून हे लपवण्याचे ओझेही तेच शरीर वाहत होते. या लपवणुकीला कोणी एक व्यक्ती जबाबदार होती असे नाही. महिनोन्‌महिने आधी तिकिटे काढून दूरदेशांहून येणारा प्रेक्षक, शेकडो सहकाऱ्यांची रोजी, हॉटेलच्या भरलेल्या खोल्या, यांनी मिळून थांबणे महाग करून ठेवले होते.

यातून निष्पन्न होणारा सिद्धान्त असा : पुनरावृत्तीचे नैतिक मूल्य गायकाच्या भावनेवर अवलंबून नाही, ते त्याच्या थांबण्याच्या अधिकारावर अवलंबून आहे. ज्याला नाही म्हणता येते, त्याचे सातशेवे गाणेही स्वतःचेच असते. ज्याला ते म्हणता येत नाही, त्याचे पहिलेच गाणे हिरावून घेतलेले असते. मात्र ही मीमांसा येथे थांबत नाही, कारण तिच्यात आस्वादकाला अस्वस्थ करणारी एक गोष्ट दडलेली आहे. स्वेच्छेने गायलेले गाणे आणि सक्तीने गायलेले गाणे यांतील भेद कानाला कळत नाही. १९५५ मधील हॉटेलात बसलेल्या श्रोत्याला तो कळला नाही. २०१५ मधल्याही नाही. प्रत्येक वेळी सत्य बाहेरून आले : समझोत्यातून, चरित्रांतून, न्यायालयातील जबानीतून, एका आजाराच्या कबुलीतून. सौंदर्यप्रतीती कितीही उत्कट असली तरी ती या बाबतीत साक्षीदार होऊ शकत नाही. आनंद मिळाला म्हणजे देणाऱ्याचे कुशल असलेच पाहिजे, असे अनुमान सहृदय नकळत करतो. ते अनुमान निराधार आहे.

येथे कोणी असे विचारील की, मग २०१४ साली स्पिअर्स यांचा प्रयोग पाहून जो हरखला, त्याचा आनंद खोटा ठरवायचा काय? तसे करण्याचे कारण नाही. रसप्रतीती एकदा झाली ती झाली. नंतरच्या माहितीने ती मागे घेता येत नाही. परंतु माहिती हाती आल्यावर त्या आनंदावरील निःशंक हक्क मात्र उरत नाही. चोरीचा माल अजाणता विकत घेणारा चोर नसतो. कळल्यावर तो काय करतो, यावर त्याची नैतिकता ठरते. पालकत्व उठवले जावे म्हणून न्यायालयाबाहेर उभे राहिलेल्यांत स्पिअर्स यांचे चाहतेच पुढे होते, ही गोष्ट म्हणूनच महत्त्वाची आहे. ज्यांना गाण्याने सर्वाधिक आनंद दिला होता त्यांनीच गाणे थांबले तरी चालेल, असे म्हटले. सहृदयाच्या कल्पनेचा हा विस्तार प्राचीन शास्त्रात नाही. तो करावा लागेल.

अभिनवगुप्ताचे उपमान आस्वादाची प्रक्रिया समजावण्यासाठी आजही पुरेसे आहे. रस पात्राचा नसतो, हे खरेच. मात्र ते उपमान आहे, आणि उपमानाची मर्यादा जेथे पात्राला रक्तमांस असते तेथे सुरू होते. मद्याचे पात्र रिकामे झाले की पुन्हा भरता येते. गाणाऱ्याला घसा असतो, घर असते, दुःख असते, आणि प्रयोग संपल्यावर तहान लागते. ती तहान भागवण्याची मोकळीक त्याला आहे की नाही, एवढे विचारल्यावाचून रसिकाने आपला पेला पुढे करू नये.